गडाखालचा शेवटचा मुक्काम

चैत्रात लाल झेंडे घेऊन पायी देवीच्या गडावर निघालेली माणसं देवपूरच्या रस्त्यावर दिसली, की आमची ती खेप आठवते आणि मला अजून राग येतो. आम्ही अकरा जण होतो, त्यात बाया तीनच. चार दिवस उन्हातून सगळे सारखेच चाललो, सगळ्यांच्या तळव्यांना फोडही सारखेच आले. पण मुक्कामाला पोचलं की पुरुष पाय पसरून बसायचे आणि आम्ही दगडांची चूल मांडून धुरात भाकरी थापायच्या. वर सांगायचे, ही देवीची सेवा आहे. मग ती आमच्याच वाट्याला का? शेवटच्या मुक्कामाला गड समोर दिसत होता. मी आंब्याखाली पाय लांब केले ते आखडलेच नाहीत. सगळ्यांची भूक सांगत दीर आला, "वहिनी, ऊठ ना, बठ्ठा भुक्या शेतस." मी म्हटलं, "मी बी तुमना इतलीच चालनू. मना पाय काय लाकूडना शेतस?" "देवीले राग यी." "येवू दे. ती बी बाईच शे." बाकीच्या दोघी हसल्या आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. पुरुषांनी धुसफुसत खिचडी केली, खाली करपलेली, वर कच्ची. आम्ही ती बसल्या जागी खाल्ली. अंगावर वारा येत होता, पायांची आग हळूहळू उतरत होती. इतकं समाधान मला दुसऱ्या दिवशी दर्शनालाही झालं नाही. आता गुडघे गेले, चालणं संपलं. त्या पुरुषांपेक्षा माझाच राग जास्त येतो. पहिल्याच मुक्कामाला बसायला काय झालं होतं मला?