न चुरगळलेली चादर

भाऊजींच्या चादरीवर सकाळी एकही सुरकुती नव्हती. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. कूस न बदलता रात्र काढणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

"झोप लागली का?" मी विचारलं.

"घोडे विकून झोपलो, वहिनी." डोळे मात्र तांबारलेले.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, राहतात आमच्याकडेच. गल्लीच्या टोकाला त्यांचं केस कापायचं दुकान आहे. हृदयाची एक झडप खराब झाली म्हणून ती बदलायची ठरली. तारीख एकदा मिळाली होती. ऐन वेळी ताप आला आणि हुकली. आता पुन्हा वाट पाहणं. मीठ बंद, पाणी मोजून, पावलांवर सूज, आणि दुकानात उभं राहायला सक्त मनाई.

तरी रोज जेवण झालं की किल्ल्या खुळखुळवत निघायचे. "आरसे पुसून येतो."

रोज कसले आरसे पुसायचे? गिऱ्हाईक नाही तर धूळ तरी किती बसणार? मी देवापुढे बसायची, ओठांवर नाम असायचं आणि कान दाराकडे. परत आले की मी शर्ट धुवायला मागायची आणि खिसा हुंगायची. एकदा खिशात लवंगा निघाल्या. झालं! तंबाखूचा वास मारायलाच हा माणूस लवंग चघळतो, अशी माझी खात्री पटली.

आमच्या ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "तू पोलिसात जायला हवं होतंस. आमच्या नशिबी आलीस."

"हसा तुम्ही. भाऊ तुमचा आहे."

आणखी एक गोष्ट मला खात होती. केसांच्या बाबतीत भाऊजी भारी नखरेल. पण दुकानातून येताना डोक्यामागचे केस चपटे झालेले असायचे.

काल मी मागोमाग गेले. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. देवाचं नाव घेतलं आणि वाकून आत शिरले. तंबाखू नव्हती, गिऱ्हाईक नव्हतं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीची पाठ थोडी मागे कललेली होती, मान टेकायच्या उशीवर डोकं ठेवून भाऊजी झोपले होते. तोंड उघडं, छातीतून घरघर. अंगावर केस कापताना घालतात ते कापड.

माझ्या चाहुलीने दचकून उठले. "तुम्ही? इथे?"

"हे काय चाललंय?"

अंगावरचं कापड काढून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "आडवं झालं की कोणी उरावर बसल्यासारखं होतं, वहिनी. रात्रभर खिडकीला टेकून बसतो. इथे जरा डोळा लागतो."

"आणि लवंगा?"

"तहान मारायला. तुम्ही खिसे तपासता होय?"

"उद्या तपासणीला डॉक्टरांना सांगायचं," मी म्हटलं.

"अजिबात नाही. आडवा होत नाही म्हटल्यावर ऑपरेशनच्या टेबलावर कोण घेईल मला? पुन्हा तारीख जाईल. तुम्हाला तुमच्या देवाची शपथ."

"देवाला मध्ये ओढू नका, भाऊजी. मी शपथ घेतलेली नाही."

आज डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी आहे?"

"छान," भाऊजी म्हणाले.

"खोटं आहे," मी म्हटलं, आणि चादरीपासून खुर्चीपर्यंत सगळं सांगून टाकलं. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांच्या उरावर बसले होते.

डॉक्टरांनी छाती ऐकली, पाठ ऐकली. "फुप्फुसात पाणी साठतंय. घरी ठेवून चालणार नाही. आजच दाखल करा. पाणी उतरलं की लगेच ऑपरेशन, तारखेसाठी थांबायचं नाही."

दाखल केल्यावर भाऊजी माझ्याकडे पाठ फिरवून बसले. पलंगाची डोक्याकडची बाजू वर करून दिली, तशी त्यातच त्यांना गाढ झोप लागली. मी शेजारी बसून श्वास मोजत राहिले.

ते जागे झाल्यावर नर्स सांगून गेली, की ऑपरेशनच्या आधी छातीवरचे केस काढायला माणूस येईल. भाऊजी ताडकन सावध झाले.

"कोण माणूस? कुठे शिकलाय? मशीनचे दात धुतो का?"

"मला काय माहीत?"

"मग आला की दाराशी बसा आणि त्याच्या हातांवर नजर ठेवा," ते म्हणाले. "त्यात तुमचा हात कोणी धरणार नाही."