जहाज चाटून पाहणारे हमीदचाचा

हमीदचाचांच्या नाकाचा तालुकाभर वचक होता. कळंबच्या आमच्या खरेदी-विक्री संघात ते हमालांचे मुकादम. यार्डात रिकामा ट्रक शिरला, की त्यानं मागल्या खेपेला काय वाहिलं, हे ते फाटकातूनच सांगत. एकदा म्हणाले, "ह्यात कांदा हुता, अन् डायवर घरी भांडून आलाय." ड्रायव्हरनं दोन्ही कबूल केलं.

ट्रक पसंत करायची त्यांची रीत ठरलेली. चपला काढून आत चढायचं, कोपरा खरवडून बोट जिभेला लावायचं, आणि शेवटी ताडपत्री ओढून अंधारात बसायचं. "जिथनं ऊन शिरतं, तिथनं पाणी शिरतं," हा त्यांचा कायदा.

दुष्काळ सरल्यावर एका साली करडई अशी पिकली, की तेल काढून उरलेली पेंड ठेवायला चावडी अन् तालीमसुद्धा पुरेना. चार संघांनी मिळून ती परदेशी पाठवायचं ठरवलं. मुंबईला भाड्याचं जहाज लागलं. पेंड भिजली तर बुरशी धरणार, आणि पहिल्याच सौद्यात चारही संघ बुडणार. चेअरमन म्हणाले, "चाचा, गाडी पारखता तसं जहाज पारखा." सह्या करायला ते स्वतः आणि इंग्रजी बोलायला मी, संघाचा कारकून, सोबत.

जहाज केवढं? एका कप्प्यात आमचा आठवडी बाजार बैलांसकट मावला असता! कप्तानानं कागदांचा गठ्ठा पुढं केला. चाचांनी तो माझ्याकडं सरकवला, चपला काढल्या आणि शिडीनं तळाशी उतरले; मागोमाग मी आणि कप्तान. भिंत खरवडली, बोट चाटलं.

"मागल्या खेपंला मीठ हुतं. धुतलंय, पर कोपरे सोडलेत. इचारा त्यास्नी, भाऊसाहेब."

मी विचारलं. कप्तानानं मान डोलावली आणि चाचांच्या जिभेकडं बघत राहिला.

"आता झाकण लावा."

लोखंडी झाकण गडगडत बंद झालं. मी आठवतील तेवढ्या देवांची नावं घेतली. चाचा निवांत वर बघत होते. "ती बघा चांदणी!" झाकणाच्या सांध्यातून सुईएवढं ऊन येत होतं.

बाहेर आल्यावर कप्तान एवढ्याशा फटीला हसला. चाचांनी त्यालाच खाली उभं केलं आणि झाकणावर नळीनं पाणी सोडायला लावलं. कप्तान वर आला तो निथळत, आणि हसणं खालीच विसरून.

चेअरमन कासावीस झाले. "चाचा, गोदीत जागा दोनच दिवस हाय. सही करू द्या!"

"करा की. पर मग पेंडीवर छत्री धरून तुमीच बसायचं, पार तिकडंपतूर."

चेअरमननी पेनाला टोपण लावलं. सांध्याचं रबर बदललं, कोपरे धुतले, तेव्हा कुठं पेंड चढली.

काही महिन्यांनी पत्र आलं: माल कोरडा पोचला. यार्डात पेढे वाटले. चाचांनी पेढा हातातच धरला.

"तिकडच्या म्हशींनी खाल्ली का?"

"तसं काही लिहिलेलं नाही, चाचा."

"मग निम्मंच पत्र आलंय. इचारा."

मी खरंच विचारलं. उत्तर यायला इतके दिवस लागले, की तोवर चाचाच निघून गेले. पत्र दोन ओळींचं होतं. ते घेऊन मी कबरस्तानात गेलो आणि चाचांना समजेल अशा बोलीत मोठ्यानं वाचलं, "चाचा, तिकडं म्हशी न्हाईत. गायी हाईत. लई आवडीनं खाल्ली."