बाबांच्या बंदुकीवरचा पक्षी

"पयली उजवाडात हाड गे बाय, मागीर बोलूया," असं म्हणत ते बंदूक खिडकीतल्या उजेडाशी नेत, चष्मा कपाळावर चढवत आणि डोळे मिटून कोरीवकामावरून अंगठा फिरवत.

डिचोलीच्या कचेरीत परवान्यांचं टेबल माझ्याकडे होतं. शेतात रानडुकरं उतरतात म्हणून आमच्याकडे बऱ्याच घरांत जुन्या दुनळी बंदुका. परवाना वारसाच्या नावावर करायचा झाला, की तपासणीला धारगळहून हे म्हातारे कारागीर येत. काम पाच मिनिटांचं. पण तुम्ही तिथे असता तर माझ्यासारखेच तासभर ऐकत बसला असता.

"ही हलक्या दर्जाची. कडेन एकच रेघ. हिच्या वयल्या दर्जाची असती तर वेलबुट्टी. त्याच्याय वयली, तर कुत्रे, पाखरां. सगळां छिन्नीन, हातान." पुढे कारखान्यांत ठसे आले, साध्या बंदुकांवरही फुलं उमटू लागली. "दिसाक बरी," ते म्हणत, "पण बोटाक लागनत नाय." दुपारी पंख्याखाली त्यांचा आवाज ऐकताना वाटे, त्या लोखंडातून खरंच झाडं उगवताहेत.

बाबा गेले, तेव्हा मुळगावची आमची दुनळीही त्यांच्यापुढे आली. "सगळ्यात वरच्या दर्जाची! पक्षी बघा," असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. भावाने पणजीच्या एका हौशी माणसाशी विक्रीचं बोलणंही त्याच भरवशावर केलं होतं.

त्यांनी अंगठा फिरवला आणि खुर्चीत बसलेच.

"बाय, बंदूक साधी. एका रेघेची. पक्षी कारखान्याचो न्हय."

"मग कुणाचा?"

"माजो. तू जल्मलंस तेव्हा तुजो बापूस धावत इलो. माका म्हणालो, चेडू झाला, कायतरी कोर. लोखंडार कोरूक मी पयल्यांदाच हात घालत होतंय. एक पंख वाकडो गेलो. तरी त्यान मिठी मारली माका."

मी त्या वाकड्या पंखावरून अंगठा फिरवला.

भाऊ चिडला. "गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, विकायची नाही. आणि परवान्याचा अर्ज माझ्या नावाने भरला.

मंजुरी आली त्या दिवशी सांगायला धारगळला गेले. ते सोप्यावर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचा पडदा आलेला.

"आता डुकरां भियेतली," म्हणून हसले. मग बोलता बोलता त्यांना झोप लागली. लांब हायवेवरून ट्रक जात होते, वाऱ्याने माडाची झावळी हलत होती. मी उठवलं नाही. सून चहा घेऊन आली, तो मी तिथेच पायरीवर बसून प्यायले.

पुढच्याच आठवड्यात ते गेले.