चारची बोट

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. दुकानात पुढे मशीनवर मास्तर आणि मागे पडद्याआड त्यांची बायको, काज-बटणं करत. सगळी गल्ली तिला काकू म्हणते. मास्तर गिऱ्हाइकाला "परवा या, परवा नक्की" म्हणायचे तेव्हा काकू आत स्वतःशीच हसायच्या. कारण ते कापड अजून पिशवीतून बाहेरही आलेलं नसायचं. सव्वीस वर्षं हे असंच.

यंदा लेकीने भांडून दोघांना तीन दिवस समुद्रावर धाडलं. काकूंची मागणी एकच, बोटीत बसायचं. दोन दिवस मास्तरांनी "उद्या बघू"वर काढले. तिसऱ्या दिवशी काकू चपला घालूनच दारात उभ्या राहिल्या.

"शेवटची बोट चारला. सहाला आपली बस. गुपचूप तिकीट काढा."

"फुकट मिळतंय तर काढायचं कशाला?" मास्तरांनी खिशातून चकचकीत कागद काढला. हॉटेलच्या दारात एका टायवाल्याने तो दिला होता. दीड तास बसून एका योजनेची माहिती ऐकायची, की बोटीची दोन कुपनं फुकट. योजना अशी, की समुद्रकाठचं घर वर्षातून एक आठवडा तुमचं आणि उरलेले एकावन्न आठवडे परक्यांचं. घ्यायची सक्ती नाही.

"फुकट ते पौष्टिक खरं, पण पचेल का?"

"अगं, जन्म गेला माझा लोकांना परवा या म्हणण्यात. मला कोण गुंडाळतोय?"

दुपारी दोनला दोघं त्या गारढोण हॉलमध्ये जाऊन बसले. टेबलाटेबलाशी एकेक जोडपं आणि एकेक टायवाला. कुणी सही केली की घंटा वाजायची आणि सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. मास्तरही पिटत होते. दुसऱ्याच्या पायावर धोंडा पडताना टाळी वाजवायला काय जातं? आपल्या टायवाल्याला मात्र त्यांनी "बघू", "घरी विचारतो", "परवा कळवतो" यांवर असं झुलवलं, की तासाभरात त्याचाच घसा बसला. त्याने हताश होऊन कुपनं पुढे सरकवली.

"घ्या काका. यावर फक्त साहेबांचा शिक्का मारून घ्या."

तीन वाजले होते. काकूंनी कुपनं मांडीवर घेतली, पर्स काखेत मारली. आणि तेवढ्यात मास्तरांची नजर टायवाल्याच्या बाहीवर गेली. अस्तर उसवून लोंबत होतं.

जित्याची खोड. मास्तरांच्या कॉलरमागे दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली असते.

"काढ तो कोट."

"राहू द्या हो काका."

"काढ म्हणतो ना! असल्या बाहीने घर विकतोस? तुझ्याकडून कुणी रुमाल घ्यायचा नाही."

पाच मिनिटांत बाही झाली. ती बघून शेजारच्या टेबलावरची बाई सुटलेलं बटण घेऊन आली. मग साहेबच आले.

"माझ्या खिशाला आतून भोक पडलंय हो. शिक्का सारखा अस्तरात जातो." त्यांनी खिसा टेबलावर रिकामा केला. किल्ल्या, कंगवा आणि तो गोल शिक्का.

काकूंनी कोपराने ढोसलं. "अहो, आधी शिक्का मारून घ्या."

"काम हातात असताना मागायचं नसतं. आधी शिलाई, मग मजुरी."

"बोटीला कळतं का ते?"

मास्तर हसले. खिशाचं कापडच विरलं होतं. एका टिपेने भागणार नव्हतं. त्यांनी दुहेरी टीप घातली, दोरा दाताने तोडला. मग दुकानात करतात तसं, गिऱ्हाइकाची चीजवस्तू जिथली तिथे ठेवली. किल्ल्या, कंगवा, शिक्का. खिशाचं बटण लावून कोट झटकून दिला.

"वा मास्तर!" साहेबांनी खिसा थोपटला. फोन वाजला. "आलोच हं," म्हणत ते काचेच्या दाराबाहेर गेले.

साडेतीन. पावणेचार. टायवाला दारातून डोकावून आला.

"साहेबांची गाडी नाही खाली. आता उद्याच येतील. तुम्ही उद्या या ना काका. उद्या नक्की."

हे वाक्य मास्तर आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाईक होऊन ऐकत होते. मग "चल, तिकीटच काढू" म्हणत दोघं धक्क्यापर्यंत अक्षरशः पळाले. चार वाजून गेले होते, खिडकी बंद होती. बोट पाण्यात बरीच पुढे गेली होती. बोटीतली माणसं धक्क्याकडे बघून हात हलवत होती. काकूंनीही नकळत हात वर केला, आणि खाली घेतला.

बसमध्ये त्यांना जागा मिळाली तीही समुद्र नसलेल्या बाजूची.

"पुढच्या वर्षी नक्की," मास्तर म्हणाले. "तिकीट काढून."

"तुमचं 'नक्की' मी पडद्याआडून ऐकलंय." काकूंनी कोरी कुपनं घडी करून त्यांच्या खिशात घातली. "शिक्का तुमच्या हातात होता हो."



निदान सुई तरी साहेबाच्या खिशात विसरायला हवी होती, टोचली तरी असती, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी कॉलरमागे चाचपून पाहिलं. होती, जिथल्या तिथे.