सोडून कोण गेलं

माझी थोरली बहीण, आक्का, निपाणीजवळच्या सासरहून भर दुपारी आली, ती अनवाणी. काकतीला बसमधून उतरून आमच्या कंग्राळीपर्यंत चालत. केसांत रक्त वाळलेलं, डावा हात उजव्यानं धरलेला. नवऱ्यानं खोऱ्याच्या दांड्यानं मारलं होतं. हात मोडला तरी तो थांबला नव्हता. पडल्यावर पाठीत लाथा घातल्या, फरफटत अंगणात आणून टाकलं आणि आतून कडी लावली.

याआधी दोनदा ती अशीच मार खाऊन आली होती. दोन्ही वेळा आमच्या वडिलांनी, आप्पांनी, समजूत घालून तिला परत नेऊन सोडलं. दुसऱ्या वेळी तिची पिशवी मीच भरून दिली होती. ह्या खेपेला आप्पांनी समजूत घातली नाही, मला रिक्षा आणायला सांगितली. दवाखान्यात तिच्या हातात सळई बसवली.

दोन वर्षं उलटली आणि बेळगावच्या कोर्टातून कन्नडमध्ये समन्स आलं. मी वाचून सांगितलं. बायको विनाकारण सोडून गेली, म्हणून त्याला घटस्फोट हवा होता. आक्कानं तो कागद माझ्या हातातून घेतला.

"सुटका मलाबी पायजे. पण मी सोडून गेले, ह्ये कागदावर नको गं."

आमच्या वकीलबाईंनी सांगितलं, घराबाहेर पाऊल कुणी टाकलं एवढंच कायदा बघत नाही. तिथं राहणं अशक्य कुणी केलं, तेही बघतो. मोडलेल्या हाताचे कागद होते. आधीच्या मारहाणीला साक्षीदार मात्र आप्पाच.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात नवऱ्यानं आक्काची वेणी धरली आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. शेवटी पोलिसांनी त्याला ओढून नेलं.

कपाळाला रुमाल दाबून आक्का आत बसली. त्याच्या वकिलानं आप्पांना विचारलं, एवढा मार होता तर पोरीला दोनदा परत का धाडलं?

आप्पांनी कठडा घट्ट धरला. "ती सांगत हुती. मीच ऐकलं न्हाय."

नवऱ्याचा अर्ज फेटाळला गेला. पुढं आक्कानं छळाच्या कारणावरून स्वतः अर्ज केला आणि घटस्फोट मिळवला. निकाल आला त्या दिवशी तिनं मला तो सगळा मराठीत सांगायला लावला. मारहाणीचा भाग सुरू झाला तसे आप्पा उठून बाहेर निघाले. आक्कानं त्यांना हाक मारून परत बसवलं.