करंगळीला टोचलेली सुई

माझ्या नवऱ्याचं नाव अनंता. नाव घेते, आता लाजून काय करू. काल्हेरच्या गोडाऊनमधी माल चढवायचं काम करतो. दुखणं त्याला ठाऊकच न्हाय, अशी गावभर ख्याती. चार वर्षांमागं अकलोलीच्या सगळ्यात गरम पाण्याच्या कुंडातून सगळ्यांनी हात ओढून घेतले, तेव्हा हा उजवा पंजा बुडवून हसत बसला होता. ती ख्याती पसरवली मीच, खोटं कशाला बोलू. तव्याचा चटका लागून फोड आला तरी त्याला पत्ता नसायचा, आन् मी शेजारणींना सांगायची, "आमचा गडी वाघ हाय."

यंदा मात्र उजवं कोपर ठणकायला लागलं. गोणी उचलवेना. हात गेला तर ड्युटी गेली, म्हणून भिवंडीला सुकन्याताई वैद्यांकडं गेलो. त्या सुई टोचून दुखणं घालवतात, विद्धकर्म म्हणतात त्याला. सुईत औषध न्हाय, काय न्हाय. बारीक सुई नुसती टोचायची आन् लगेच काढायची.

कोपराच्या वर टोचली तसा हा "स्स" म्हणाला. मग करंगळीच्या बाजूला तीन ठिकाणी टोचलं. हा आपला भिंतीवरचं कॅलेंडर बघतोय.

"बघा ताई, हूं का चूं न्हाय," मी म्हटलं.

ताई हसल्या न्हायत. त्याला डोळे मिटायला लावले, परत टोचलं आणि विचारलं, "कळतंय?"

"टोचा की, मी तयार हाय," तो म्हणाला.

करंगळीवर रक्ताचा थेंब आला होता.

ताईंनी सुई ठेवली. हातावरचा फिका चट्टा दाखवला, जो मी उन्हाचा समजत होते. म्हणाल्या, "रंगूबाई, ही हिंमत नाही. हाताची नस मरत चाललीय. मला कुष्ठरोगाचा संशय येतोय. आत्ताच सरकारी दवाखान्यात जा. गोळ्या फुकट मिळतात, रोग बरा होतो. पण बोटं वाकडी व्हायच्या आत जा."

राग आला तो माझाच. चार वर्षं ह्याचा हात मरत होता आन् मी बाई फुशारक्या मारत होते.

रिक्षात मी त्याची करंगळी मुठीत घट्ट धरून बसले. दवाखाना येईपर्यंत सोडली न्हाय. तो बाहेर बघत होता.

उतरताना हळूच म्हणाला, "रंगू, भ्यायलीस ना माझ्या रोगाला? सबंध वाटेत हात न्हाय धरलास."