साडूंच्या पत्त्यातलं माझं फिनिश

माणसाला हात लावून ओळखणारा माझ्या साडूंसारखा दुसरा कोणी मीरा रोडच्या पूर्वेला तरी नव्हता, आणि पश्चिमेला तेव्हा मिठागरंच होती.

नव्वदच्या सुमारास पोरांमध्ये पैलवानांच्या पत्त्यांचं वेड आलं. साडूंनी मुलासाठी एक पाकीट आणलं, त्यातल्या एका आडदांड पैलवानाच्या छातीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "गुळगुळीत आहे हो. ह्याला घाम कुठाय?" त्या दिवसापासून शांती नगरातल्या त्यांच्या घरात भातापेक्षा खळ जास्त शिजू लागली. पुठ्ठा कापायचा, त्यावर चित्र रंगवायचं, खळीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच त्यावर काहीतरी दाबायचं: चहाची गाळणी, नारळाची शेंडी, एकदा तर मेहुणीची ठेवणीतली पैठणी. वाळलं की वार्निश. हाताला लागणाऱ्या ह्या पोताला ते 'फिनिश' म्हणायचे. पैलवान संपल्यावर ते नातेवाइकांकडे वळले. खाली पैलवानांच्या पत्त्यांसारखेच आकडे असायचे: उंची, वजन, रुसण्याची ताकद.

थोरल्या मेहुण्याच्या पत्त्याला त्यांनी काचपेपर लावला. तो गणपतीपासून दिवाळीपर्यंत बोलला नाही. साडूंनी त्याचा रुसण्याचा आकडा तेवढा वाढवला. सासूबाईंच्या पत्त्याची सगळ्यांनाच धास्ती होती. निघाला तो मखमलीचा. "मी कधी एवढी मऊ झाले?" म्हणत त्यांनी डोळ्याला पदर लावला.

माझा पत्ता मात्र होईना. दर रविवारी आम्ही दोघं त्यांच्या बिल्डिंगखालच्या पाण्याच्या टाकीवर बसायचो, फारसं न बोलता. मी विषय काढला की म्हणायचे, "अहो, ट्राय करतोय. तुमचं फिनिश सापडत नाहीये." मी काय इतका सपाट माणूस आहे? मला ते लागलं. खालच्या वाण्याचाही पत्ता निघाला, साबुदाणा चिकटवलेला, तेव्हा मी दोन रविवार गेलोच नाही.

मग ते कामाला होते तो हाटकेशमधला कारखाना बंद पडला आणि ते रत्नागिरीकडे गावी निघाले. टेम्पोत सामान चढल्यावर त्यांनी खिशातून एक पत्ता काढला. "डोळे मिटा आणि हात लावा." बोटाला खरखरीत लागलं, मध्ये एक बारीक चीर. टाकीवरची आमची बसायची जागा! ओला पत्ता त्यांनी तिथेच सिमेंटवर दाबला होता.

"तुम्ही हाताला कसे लागता ते नाही जमलं," साडू म्हणाले. "तुमच्या शेजारी बसून कसं वाटतं, तेवढं केलंय."

त्यांची फार आठवण येते. ती टाकी पुढे पाडली. रविवारी मी आता घरीच बसतो, खिशातल्या त्या पत्त्यावर बोट ठेवून.